रविवारी तोडणी का नाही?



या पानावर मी सहसा बेड, ठिबक, कीड आणि बाजारभाव एवढंच लिहितो. पण हंगाम सुरू झाला की एक प्रश्न दरवर्षी येतो. कृषी सहायक विचारतात, व्यापारी विचारतात, शेजारच्या रानातली पोरंपण विचारतात, "काका, रविवारी तुमची तोडणी बंद का?" आज त्याचंच उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आम्ही मराठी ख्रिस्ती. रविवारी सकाळी आमची उपासना असते. घरातली म्हातारी माणसं "देवळात जाऊ" म्हणतात, पोरं "चर्चला" म्हणतात. जागा एकच.

आधी नुकसानीचं बोलू, कारण ते लपवून उपयोग नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या भागात स्ट्रॉबेरीचं फळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतं. भर हंगामात दिवसाआड तोडावं लागतं. लांबच्या गाडीला फळ पाऊण लाल असतानाच काढायचं. एक दिवस पुढं गेलं की ते पूर्ण लाल होतं, मऊ पडतं, आणि डबीतून निघून पल्पच्या क्रेटमध्ये जातं. दोन्हीच्या भावातला फरक तुम्हाला माहीतच आहे. त्यात शनिवार-रविवार म्हणजे पर्यटकांची गर्दी. म्हणजे रविवार आम्हाला फुकट पडत नाही.

त्यावर मी बसवलेली घडी अशी. रानाचे दोन भाग केले. एका भागाची तोडणी सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुसऱ्याची मंगळवार, गुरुवार, शनिवार. अशानं प्रत्येक भागाला आठवड्यातून एकदाच तीन दिवसांचं अंतर पडतं. शुक्रवारी आणि शनिवारी रंग थोडा अलीकडं धरायचा, तो माल लांब पाठवायचा. सोमवारी-मंगळवारी जो जास्त पिकलेला निघेल तो इथंच जवळ विकायचा. थोडा माल पल्पला जातोच. पण सगळा आठवडा कोलमडत नाही. गडी-बायकांनाही हक्काची सुट्टी मिळते आणि ती कुठल्या दिवशी ते त्यांना आधीच ठाऊक असतं.

बायबलमध्ये निर्गम पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात एक गोष्ट आहे, ती शेतकऱ्यांसाठीच सांगितल्यासारखी आहे. सहा दिवस काम करा, सातव्या दिवशी थांबा, आणि नांगरणीच्या, कापणीच्या दिवसांतही थांबा, असा तिचा आशय. रिकाम्या दिवसात कुणीही थांबेल हो, खरी परीक्षा सुगीतच. अडचणीलाही जागा ठेवलेली आहे. शब्बाथाच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच काढणार नाही का, असं येशूनं विचारल्याचं लूकच्या शुभवर्तमानात आहे. म्हणून अवकाळी पावसाचा इशारा असेल तर आम्ही रविवारीही पहाटे फळ काढतो आणि मग उपासनेला जातो. मात्र दर रविवारी बैल विहिरीत पडायला लागला तर दोष विहिरीचा नाही, आपल्या नियोजनाचा.

आता दुसरा प्रश्न. प्रार्थना घरी बसून होत नाही का? होते. रोज होते. पण उपासना ही एकट्याची गोष्ट नाही. लूकच्या ४थ्या अध्यायात येशू आपल्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात गेला असं लिहिलंय. ज्याला जायची सर्वांत कमी गरज, तोसुद्धा नेमानं जात होता.

एकत्र जमण्याची किंमत कळली ती लॉकडाऊनमध्ये. मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली, तेव्हा आमच्याकडं फळाचा हंगाम चालू होता. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली, २०२१ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. त्या काळात मोबाईलवर उपासना ऐकली, आणि ते बरंच झालं, नाहीतर धागाच तुटला असता. पण दरवाजे उघडल्यावरही काही घरं मोबाईलवरच राहिली. उपदेश ऐकू येतो, गायन ऐकू येतं, मग गाडी काढून कशाला जायचं?

मोबाईलवर काय होत नाही ते सांगतो. मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये दहा माणसं कमी आली तर कळणार नाही. आमची मंडळी लहान. जुलैमध्ये धुकं आणि पाऊस असा असतो की समोरचा माणूस दिसत नाही, तेव्हा बाकावर आठ-दहाजणच असतात. त्यातलं एक घर आलं नाही की गायनाचा आवाज लगेच पडतो. कोण आलं नाही ते पाहिलं जातं, आणि उपासनेनंतर चहा पिताना ठरतं, आज त्यांच्याकडं कोण जाऊन येणार. एखाद्या आजीला बऱ्याच दिवसांत औषध मिळालं नाही, कुणाच्या पोराची फी राहिली, कुणाकडं मयत झालं तर खड्डा खणायला कोण जाणार, हे सगळं तिथंच कळतं. मोबाईलच्या पडद्याला तुमची गैरहजेरी कळत नाही.

काहीजण म्हणतात, पाळकांचा उपदेश पटत नाही, पद्धत आवडत नाही, म्हणून येत नाही. त्यांना मी नारायण वामन टिळकांचं उदाहरण देतो. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची गीतं मराठी मंडळ्या आजही गातात. चर्चवरचा परदेशी थाट त्यांना खटकायचा आणि ते तसं बोलायचेही. पण म्हणून ते लोकांना घरी बसा म्हणाले नाहीत. शेवटच्या काळात ते आपल्या साताऱ्यात होते. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला, तोही बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या सगळ्यांना एकत्र आणण्यासाठीच. नाराजीवरचा त्यांचा उपाय माणसं जमवण्याचाच होता.

वारकरी बांधवांना हे समजावून सांगायची गरज नाही. एकादशीचा आणि वारीचा नेम तुम्ही पेरणीच्या गडबडीतही पाळता. वसईकडचे ख्रिस्ती शेतकरी ऑक्टोबरमध्ये अगेरा सणाला नव्या भाताची कणसं देवळात नेतात. शेत आणि देऊळ ही दोन वेगळी खाती नाहीत.

नाताळला आमचंही देऊळ भरतं, बाहेर खुर्च्या टाकाव्या लागतात. आनंद आहे. पण वर्षातून एकदा पाट भरून पाणी सोडलं म्हणून स्ट्रॉबेरी जगत नाही, तिला ठिबकचं थोडं-थोडं, नेमानं लागतं. मंडळी जगते ती जुलैतल्या आणि फेब्रुवारीतल्या साध्या रविवारांवर.

माझ्या ख्रिस्ती शेतकरी भावांना एवढंच सांगणं, व्यापाऱ्याला आणि मजुरांना हंगामाच्या सुरुवातीलाच रविवारचं सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितलं तर भांडण होतं, आधी सांगितलं तर माणसं जुळवून घेतात. आणि तुमच्या वाटेवर एखादं म्हातारं माणूस राहत असेल तर गाडीत एक जागा मोकळी ठेवा. त्यांचं येणं बऱ्याचदा तेवढ्यावरच अडलेलं असतं.

रविवारी दुपारपर्यंत माझा फोन बंद असतो. शेतीचं काही विचारायचं असेल तर संध्याकाळी करा. पुढच्या नोंदीत लाल कोळीवर लिहितो.