रॅम्बसला नावं ठेवताना

रॅम्बसचा विषय निघाला की वर्षानुवर्षं माझं एक ठरलेलं वाक्य असे: "महाग होती, आणि वर मंदही." कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या आमच्या जमातीत त्याला कुणी हरकत घेत नसे. रॅम्बस कंपनीची आरडीरॅम ही मेमरी एका बाजूला, एसडीरॅम आणि तिच्यातूनच निघालेली डीडीआर दुसऱ्या बाजूला, अशी ती लढत १९९९ ते २००३ चालली. डीडीआर जिंकली आणि जिंकणाऱ्याचं सगळंच बरोबर ठरलं. हल्ली ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. त्यातलं 'महाग' मला अजून मान्य आहे. 'मंद' मात्र मी मागे घेतलंय.

तेव्हा माझ्या हातात पुरावा नव्हता असं नाही. १९९९ मध्ये इंटेलचा ८२० चिपसेट खास आरडीरॅमसाठी यायचा होता. बोर्डावरचे तिन्ही स्लॉट भरले की मशीनचा भरवसा राहीना, म्हणून ऐन वेळी तारीख पुढे गेली आणि स्लॉट दोनच उरले. मग स्वस्त एसडीरॅम चालावी म्हणून मध्ये एक दुभाषी चिप घातली, तर तिच्यातच दोष निघाला आणि मे २००० मध्ये ते बोर्ड परत घ्यायची पाळी इंटेलवर आली. चाचण्यांत म्हणाल, तर पेन्टियम थ्रीवर ८०० ची आरडीरॅम आणि १३३ ची एसडीरॅम जवळपास बरोबरीत, कित्येक कामांत एसडीरॅमच पुढे. आठशेला एकशे तेहतीस भारी! मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात हसायला एवढं पुरेसं होतं.

शिवाय ती बसवण्याची कटकट. स्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचं चकचकीत कवच, पण रिकामा स्लॉट रिकामा ठेवायची सोय नाही. त्यात चिप नसलेली कोरी पट्टी खोचावी लागे, तिला सीरिम म्हणायचे. सिग्नल कंट्रोलरपासून निघून एका स्टिकमधून दुसरीत आणि तिथून शेवटच्या टोकापर्यंत एकाच वाटेने जायचा. मधला स्लॉट मोकळा राहिला की वाट तुटली, मशीन मेलेलं. "साहेब, या पट्टीत मेमरी नाही, पण तिच्याशिवाय चालणार नाही," हे गिऱ्हाईकाला पटवताना आपणच फसवतोय असं वाटे. उशीरही त्याच एकेरी वाटेमुळे व्हायचा. सगळ्यात लांबच्या चिपला जितका वेळ लागेल, तितकं जवळच्या चिपलाही थांबवून धरायचं अशी रचना होती. चिपा वाढवल्या की थांबणं वाढलं.

पुढे या रॅमचा बाजार उठून गेल्यावर एकदा जुने तक्ते चाळत होतो, तेव्हा सहज गुणाकार करून पाहिला. ८०० ची आरडीरॅम एका वेळी फक्त १६ बिट, म्हणजे २ बाइट सोडते, पण सेकंदाला ८० कोटी वेळा. झाले १.६ जीबी. १३३ ची एसडीरॅम एका वेळी ८ बाइट सोडते, सेकंदाला १३.३ कोटी वेळा. झाले १.०६ जीबी. मग पेन्टियम थ्रीच्या स्वतःच्या बसचा गुणाकार केला: १३३ मेगाहर्ट्झ, ८ बाइट, तेच १.०६. म्हणजे प्रोसेसर सेकंदाला १.०६ जीबीच्या वर घेऊच शकत नव्हता. आरडीरॅमने जादा आणलेलं, ग्राफिक्स कार्डाचा वाटा सोडला, तर दाराबाहेरच राहायचं. स्पर्धा उरली ती फक्त उशिराची, आणि तिथे तिची बाजू लंगडी.

पंगतीत पान मांडल्यापासून पहिला वाढपी येईपर्यंतचा वेळ वेगळा आणि एकूण वाढपी किती हे वेगळं. पेन्टियम थ्री दोन घास खाऊन उठणारा होता. नोव्हेंबर २००० मध्ये पेन्टियम फोर आला तो भरपेट जेवणारा. त्याची बस ३.२ जीबीची, आणि ८५० चिपसेटवर आरडीरॅमचे दोन चॅनेल मिळून नेमके ३.२. २००१ मध्ये इंटेलनेच ८४५ चिपसेट काढून त्याच प्रोसेसरला १३३ ची एसडीरॅम लावली, तर व्हिडिओ एन्कोडिंग, क्वेक थ्री असल्या कामांत तो उपाशी पडला. दोन्ही मेमरी त्याच होत्या, बदलला होता तो प्रोसेसर. पेन्टियम थ्रीशेजारी मंद दिसलेली आरडीरॅम इथे सरळ पुढे होती. तिला हरवायला डीडीआरलाही दोन चॅनेलच लागले. २००३ च्या ८७५ चिपसेटवर ६.४ जीबी आले आणि प्रकरण संपलं.

आठशे आणि एकशे तेहतीस हे आकडे मी शेजारी ठेवले आणि तिसरा, प्रोसेसरच्या बसचा आकडा पाहिलाच नाही, कारण पाहायची इच्छा नव्हती. रॅम्बसचा राग होता. २००० पासून कंपनीने एसडीरॅम आणि डीडीआरवरही पेटंटचा हक्क सांगत एकेका उत्पादकाला कोर्टात खेचलं होतं. कंपनीवरचं मत मी स्टिकवर चिकटवलं. दुसरी बाजू तरी कुठे सोवळी होती? डीरॅमच्या किमती संगनमताने ठरवल्याबद्दल अमेरिकेत सॅमसंगने २००५ मध्ये गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलरचा दंड भरला. हा कट आपल्याला संपवण्यासाठीच होता, असा रॅम्बसचा दावा होता. तो मात्र २०११ मध्ये ज्युरीने फेटाळला.

आता तुलनेचा तक्ता समोर आला की आधी विचारतो, प्रोसेसर कोणता? कॅशेचा मोठा साठा असलेल्या रायझन एक्स३डीवर महागडी वेगवान रॅम घालून गेममध्ये फारसं हाती लागत नाही. आतल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपला मात्र एकाऐवजी दोन स्टिक लावल्या की फरक डोळ्यांना दिसतो. आणि लेबलवरच्या मोठ्या आकड्याला मी आता भुलत नाही. सीएल२ ची, म्हणजे घड्याळाचे दोन ठोके थांबवणारी, १३३ ची एसडीरॅम घ्या: पहिला दाणा यायला १५ नॅनोसेकंद. सीएल३० ची डीडीआर५-६००० घ्या: १० नॅनोसेकंद. आकडा पंचेचाळीसपट झाला, आणि थांबणं फक्त एक तृतीयांशाने घटलं. गंमत म्हणजे डीडीआर५ ने ६४ बिटांची वाट फोडून ३२-३२ च्या दोन स्वतंत्र वाटा केल्या आहेत. अरुंद वाटेला आम्ही केवढं हसलो होतो!

किमतीबाबत मात्र मी तसूभर हललेलो नाही. २००० मध्ये कुणी ६४ एमबीची आरडीरॅम मागितली, तर आजही मी त्याला म्हणेन, त्या पैशात एसडीरॅम दुप्पट येईल, ती घे. ६४ एमबी भरून विंडोज हार्डडिस्कवर जाऊन बसली की नॅनोसेकंदांचा हिशोब राहतोच कुठे? तिथे मिलिसेकंद मोजतात.