लेकीच्या हाती कॅमेरा

लग्नाच्या खर्चाची यादी करताना आपल्याकडे मंडप, दावत, कपडे आणि दागिने यांवर रात्र-रात्र चर्चा होते. फोटोचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो आणि ‘ओळखीचा एक पोरगा आहे, त्याला सांगू’ एवढ्यावर मिटतो. मग निकाहच्या दिवशी तोच पोरगा कॅमेरा घेऊन बायकांच्या बाजूला उभा असतो. ज्या घरात एरवी पर्द्याची काळजी घेतली जाते, त्याच घरातल्या लेकीसुनांचे शेकडो फोटो परक्या माणसाच्या कार्डात जातात. पुढे त्यांचे काय होते, हे कोणी विचारत नाही.

आमच्या नात्यात हे घडले. नवरीचे फोटो महिनाभराने फोटोवाल्याच्या जाहिरातीत दिसले. परवानगी कोणाचीच घेतली नव्हती. सांगितल्यावर त्याने ते काढून टाकले, पण तोवर ते किती मोबाइलवर पोहोचले असतील याचा हिशेब कोण देणार? सासरी जे काही बोलणे झाले, ते त्या मुलीने एकटीने ऐकून घेतले.

लातूरची आमची भाची तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. सुटीत नांदेडला आली आणि म्हणाली, “मामू, मुमानी, बायकांच्या बाजूचे फोटो मीच काढायला लागले तर?”

फोटोबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत आणि जी घरे फोटो टाळतात त्यांचा आम्ही आदर करतो. पण जिथे फोटो काढले जातातच, तिथे ते कोणी काढावेत हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर आपल्याच इलाख्यात सव्वाशे वर्षांहून आधी शोधले गेले आहे. नांदेड-लातूरचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी राजा दीनदयाळ हे फोटोग्राफर होते. ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब त्यांना निजामांनी दिला. दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास पर्दानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि त्याचे काम मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाईंवर सोपवले. त्या काळी कॅमेरा चालवणारी बाई इंग्रजांमधून आणावी लागली. आज ती आपल्याच घरात असू शकते.

प्रश्न पैशाचा होता. भाचीचे अब्बा गंजगोलाईत कापडाच्या दुकानात कामाला आहेत. दुकानदाराने नव्या मिररलेस कॅमेऱ्याचा लेन्ससह सत्तर हजारांच्या वरचा भाव सांगितला आणि ‘हप्ते करून देतो, व्याज नाही’ असेही सांगितले. अशा ‘बिनव्याजी’ हप्त्याचा कागद नीट वाचावा. अनेकदा त्यात बँकेचे व्याज लिहिलेले असते आणि तेवढीच सूट किमतीत दाखवलेली असते. वर प्रोसेसिंग फी वेगळी. व्याजापासून दूर राहणाऱ्यांनी सही करण्याआधी हे पाहायलाच हवे. भाचीच्या अम्मीने दुसरा मार्ग काढला. गल्लीतल्या वीस बायकांची महिना २,००० रुपयांची भिशी होती, लिलावाची नव्हे, चिठ्ठ्यांची. चौथ्या महिन्यात त्यांची चिठ्ठी निघाली आणि ४०,००० रुपये हाती आले. जे काही घ्यायचे ते एवढ्यात.

पहिला निर्णय जुना डीएसएलआर घेण्याचा झाला. कंपन्या मिररलेसकडे वळल्या, तसे फोटोग्राफरही वळले आणि चांगले डीएसएलआर निम्म्या भावात बाजारात आले. कॅमेरा जुना झाला म्हणून फोटो वाईट येत नाही. कॅनन १५००डी, २००डी किंवा निकॉन डी५६०० यांच्यावर काढलेला फोटो आल्बमच्या मोठ्या पानावरही उत्तम दिसतो. मोबाइल दिवसाउजेडी चांगला आहे. घरच्या ईदीच्या, मुलांच्या फोटोंसाठी वेगळा कॅमेरा घेण्याची गरजच नाही. पण रात्री, मंगल कार्यालयाच्या अपुऱ्या उजेडात, बायका हलत-बोलत असताना त्याच्या छोट्या सेन्सरची दमछाक होते. तिथे मोठा सेन्सर लागतो.

जुना कॅमेरा मुंबईच्या बोरा बाजारात आणि हैदराबादच्या कोठीत मिळतो, नांदेड-लातूरच्या फोटोग्राफरांकडेही मिळतो. लग्नांत वर्षानुवर्षे राबलेल्या कॅमेऱ्यापेक्षा हौसेने घेऊन कपाटात राहिलेला बरा. घेताना आम्ही या गोष्टी पाहिल्या:

बिल आणि खोका मागावा. त्यांवरचा नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबरशी जुळतो का पाहावे. बिल नसेल तर माल चोरीचा असू शकतो. स्वस्त मिळाला तरी तो आपल्या कामाचा नाही.

शटर किती वेळा उघडले ते विचारावे. साध्या डीएसएलआरचे शटर साधारण एक लाख फोटो चालेल असे धरतात. वीस-तीस हजारांच्या आतला असेल तर बिनधास्त घ्यावा.

लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आरपार टाकून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत करावी. थोडी धूळ चालते.

पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ १६ वर काढून मोठा करून पाहावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, साफसफाईचा खर्च भावातून वजा करावा. बॅटरी फुगलेली नाही ना, कार्ड नीट बसते ना, वर लावलेला फ्लॅश पेटतो ना, हे तिथेच तपासावे.

१८-५५ लेन्ससह कॅननची बॉडी आम्हाला २३,००० रुपयांना मिळाली. ५० एमएम एफ १.८ ही दुसरी लेन्स जुन्यातच ५,५०० ला घेतली. ती का, हे समजायला इब्ने हैसम आठवावेत. बसऱ्यात जन्मलेल्या या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी ‘किताबुल मनाजिर’ लिहिली आणि अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग केले. छिद्र लहान असेल तर प्रतिमा रेखीव पण अंधुक, मोठे असेल तर उजळ. लेन्सच्या भोकाचेही तसेच. एफचा आकडा जितका लहान तितके भोक मोठे. एफ १.८ ची लेन्स कमी उजेडातही चेहरा उजळ टिपते आणि मागची गर्दी धूसर करते. लहान खोलीत मात्र तिच्यात दोघी-तिघीच मावतात, गटाच्या फोटोला १८-५५ च लावावी. निकॉन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून एएफ-एस लिहिलेली लेन्सच घ्यावी. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळते, पण तिच्यावर फोकस हाताने करावा लागतो.

तिसरा खर्च फ्लॅशचा, ५,००० रुपये. समोरून मारलेला फ्लॅश चेहरा पांढराफटक करतो आणि जरी चकाकून डिझाइन दिसत नाही. फ्लॅशचे तोंड पांढऱ्या छताकडे करावे, उजेड वरून मऊ होऊन खाली येतो. औसा-कंधारकडच्या जुन्या माळवदी घरांत छत काळ्या लाकडाचे असते, ते उजेड गिळून टाकते. तिथे चुन्याच्या भिंतीकडे फ्लॅश वळवावा. मंडपाचा कपडा गुलाबी असेल तर सगळेच चेहरे गुलाबी होतात, तेव्हा कोणाला तरी पांढरी चादर धरून उभे करावे.

जादा बॅटरी, ३२ जीबीची दोन कार्डे आणि बॅग यांना ३,५०० लागले. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन लहान बरी, एक बिघडले तरी अर्धे लग्न हाती राहते. कार्ड ओळखीच्या दुकानातूनच घ्यावे, नकली फार येतात. एकूण ३७,००० झाले. उरलेले ३,००० तिने दुरुस्तीसाठी ठेवले. बॅग-स्टँडची हौस नंतरही करता येते. महागडा डबाही नको, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की पावसाळा निभतो. उन्हाळ्यात कॅमेरा गाडीत विसरू नये. ओढणीच्या टोकाने लेन्स पुसू नये.

महिनाभर तिने घरातच ट्यूबलाइटखाली भावंडांचे फोटो काढले. चालत्या माणसासाठी शटर सेकंदाच्या १२५व्या भागापेक्षा संथ ठेवायचे नाही, आयएसओ १६०० पर्यंत निर्धास्त वाढवायचा, थोडे दाणे दिसले तरी हललेल्या फोटोपेक्षा ते बरे, हे ती स्वतःच शिकली. फोटो सुधारायला कॅमेरा कंपनीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

खरी शिकवण अमानतीची होती, ती आम्ही सगळ्यांनी बसून ठरवली. नको म्हणणाऱ्या बाईचा फोटो काढायचा नाही. एकही फोटो स्टेटसला किंवा ग्रुपवर जाणार नाही, ‘कामाचा नमुना’ म्हणूनही नाही. फोटो मोबाइलवर घ्यायचे नाहीत, कारण आपोआप होणारा बॅकअप ते कुठे नेईल याचा नेम नाही. पेन ड्राइव्ह नवरीच्या किंवा तिच्या अम्मीच्या हाती द्यायचा, त्यांनी सगळे उघडून पाहिले की आपल्याकडचे पुसायचे. पुसलेले फोटो कार्डातून परत काढता येतात, म्हणून कार्ड कोणाला उसने द्यायचे नाही आणि विकायचेही नाही. आल्बम छापताना लॅबमधल्या माणसांच्या नजरेखालून फोटो जातात. हे घरच्यांना आधी सांगायचे आणि त्यांनी निवडून दिलेलेच छापायचे.

पहिली दोन लग्ने नात्यातली, बिनपैशांची. तिसऱ्याचे, उदगीरचे, तिने ४,००० घेतले. अम्मी सोबत जाते, रात्री उशीर झाला तर अब्बा न्यायला येतात. त्या लग्नात एरवी फोटोत कधीच न येणाऱ्या नवरीच्या नानी स्वतः खुर्ची ओढून बसल्या. समोर मुलगी आहे म्हटल्यावर मोकळ्या हसल्या. त्या कुटुंबाकडे नानींचा हसतानाचा तो एकच फोटो आहे.

भिशीचे हप्ते अजून भरायचे आहेत, पण आता ते भाची स्वतः भरते, आणि एम.ए.ची फीही तिने यंदा स्वतःच भरली. जहेज आणि दिखाव्यावर लाखो रुपये उडवणाऱ्या आपल्या समाजात एका तोळा सोन्यापेक्षा कमी पैशांत एका लेकीच्या हाताला हुनर मिळतो आणि अनेक लेकींची आब राखली जाते. तुमच्या घरात किंवा गल्लीत अशी एखादी मुलगी असेल, तर येत्या हंगामात फोटोवाल्याला फोन करण्याआधी तिला विचारा. तिच्याकडे कॅमेरा नसेल, तर भिशीची पहिली चिठ्ठी तिच्या नावाने काढा. अल्लाह तिच्या रोजीत बरकत देवो. आमीन.