विहीणबाईंची भाषा

माझ्या धाकट्या मुलाचें लग्न स्पेनमधील सालामान्का येथील मुलीशीं झालें, तेव्हां आम्हां दोघी विहिणींचें सारें संभाषण हंसण्यावर व मान डोलावण्यावरच निभावलें. उरलेलें चिरंजीव सांगत. पुढें २०२२ मध्यें व्याही अकस्मात् वारले. फोनवर पलीकडे विहीणबाई रडत होत्या, आणि मला सांत्वनाचा एक शब्द येत नव्हता. मुलाला मध्यें घालून का कोणी कोणाचें दुःख हलकें करतो? वयाच्या ५८ व्या वर्षीं मीं पुण्यांत स्पॅनिशच्या वर्गांत नांव घातलें तें याचसाठीं.

वर्गांतील बाकीचीं मुलें विशीच्या आंतबाहेरचीं. आरंभीं माझें बरें चाललें. ‘मे गुस्ता एल पान’ म्हणजे ‘मला पाव आवडतो’. आवडणाऱ्या वस्तू अनेक झाल्या कीं ‘गुस्तान’, जसें आपण ‘आवडतात’ म्हणतों. इंग्रजीच्या वाटेनें जाणारीं मुलें येथें अडखळत. मला मात्र माहेरीं आल्यासारखें वाटे. लिंगें तर दोनच! पण ही फुशारकी फार दिवस टिकली नाहीं. आपण ज्या एका ‘असणें’वर सारा संसार चालवितों, त्याच्या जागीं तेथें ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशीं दोन क्रियापदें. ‘मी कंटाळलें आहें’ असें सांगावयास गेलें आणि ‘एस्तार’ऐवजीं ‘सेर’ वापरलें. अर्थ झाला, ‘मी कंटाळवाणी बाई आहें’. वर्ग हंसला, मीहि हंसलें. परंतु घरीं येऊन मिटलेलें पुस्तक आठ दिवस उघडलें नाहीं.

२०२३ च्या शरदांत सहा आठवडे सालामान्क्यास राहिलें. सकाळीं वर्ग, एरव्हीं विहीणबाईंचें घर. गांव विद्येचें, विद्यापीठ १२१८ सालचें. १४९२ मध्यें स्पॅनिशचें व्याकरण छापणारा नेब्रिहा येथेंच शिकला व शिकवूं लागला. माझें शिक्षण मात्र मंडईंत झालें. ‘बटाटा’ शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, त्या भरंवशावर मीं ‘बाताता’ मागितले, तों दुकानदारानें रताळीं तोलून दिलीं! बटाट्याला तेथें ‘पाताता’ म्हणतात. दुसऱ्या दिवशीं एकादशी होती, म्हणून तीं कारणीं लागलीं.

खरी अडचण निराळीच होती. विहीणबाई मला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘तूं’सारखाच, अर्थानेंहि तोच. मी त्यांना आदरार्थी ‘उस्तेद’ म्हणें. मुलाच्या सासूला अरेतुरे करण्यास जीभच वळेना. एकदां त्यांनीं विचारलें, “मी तुला इतकी परकी वाटतें?” आदर म्हणून मीं जें जपलें, तें त्यांना अंतर वाटत होतें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं त्या चुलीपाशीं मसुरीची आमटी ढवळीत होत्या. तिकडे तींत सॉसेज घालतात, तें माझ्याकरितां वगळलेलें. भिंतीशीं व्याह्यांची खुर्ची रिकामी. वर्षभर पाठ करून ठेवलेलें वाक्य तेव्हां कोठें बाहेर पडलें: “ते आकोम्पान्यो एन एल सेन्तिमिएन्तो.” या दुःखांत मी तुझी सोबत करतें. पाठ केलें होतें तें ‘तुम्हांला’ धरून; तोंडून निघालें तें ‘तुला’.

त्यांनीं पळी खालीं ठेवली आणि माझा हात धरला. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग डोळे पुसून त्यांनीं मला मसुरीचें नांव पुन्हां पुन्हां म्हणावयास लाविलें. ‘लेन्तेहास’मधील तो घशांतला ‘ह’ मला शेवटपर्यंत साधला नाहीं.