कबरांपासून घरापर्यंत

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या प्रदेशातला एक माणूस भेटतो. त्याची वस्ती कबरांमध्ये आहे. गावाने त्याला बेड्या घालून पाहिल्या, साखळदंडांनी बांधून पाहिलं. त्याने सगळं तोडलं. रात्रंदिवस तो डोंगरांत ओरडत फिरतो, दगडांनी स्वतःचंच अंग ठेचून घेतो. येशू त्याला नाव विचारतो आणि उत्तरादाखल एका माणसाचं नाव येत नाही, येतं ते सैन्याचं. पुढची, भुतं शिरून समुद्रात बुडालेल्या दोन हजार डुकरांची घटना इतकी नाट्यमय आहे की उपदेशक बहुधा तिथेच रेंगाळतात. पण अध्याय तिथे संपत नाही. तो माणूस कपडे घालून, भानावर येऊन बसलेला लोकांना दिसतो, आणि लोक आनंदत नाहीत, घाबरतात. येशूलाच आपल्या हद्दीतून निघून जायची विनंती करतात. बरा झालेला माणूस येशूबरोबर तारवात बसू पाहतो, तर येशू त्याला परत पाठवतो: आपल्या घरी, आपल्या माणसांकडे. भुतं, डुकरं आणि साखळदंड यांवर मंडळीत खूप बोललं गेलं आहे. त्या घराबद्दल फार कमी. स्किझोफ्रेनिया घेऊन जगणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा प्रश्न मात्र त्या घराचाच आहे, असं मला वाटतं. त्याच्या कानातला आवाज कुणाचा याचा निवाडा करणं मंडळीचं काम नाही. त्याचा एकटेपणा तोडणं हे तिचं काम आहे, आणि ते तिच्याइतकं नीट कुणालाच जमणार नाही.

'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 साली प्रथम वापरला. मराठीत त्याचं 'छिन्नमनस्कता' झालं, आणि त्यातून एका देहात दोन माणसं राहतात असा एक गैरसमज घरोघर पोचला. प्रत्यक्षात तुटते ती माणसाची जगाशी असलेली सांधणी. विचार एकमेकांना धरून राहत नाहीत, कुणीच बोलत नसताना बोलणं ऐकू येतं, रस्त्यावरच्या अनोळखी नजरेत कट दिसतो; आणि याहून कमी बोललं जाणारं लक्षण म्हणजे इच्छाच विझते, उठून आंघोळ करणं हाही डोंगर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर 300 माणसांमागे साधारण एकाला हा आजार आहे. तो बहुतेकांना ऐन तारुण्यात गाठतो. आपल्या भाषेची यातली अडचण वेगळीच आहे. मराठीत वेड हे कौतुकही आहे आणि शिवीही. नाटकाचं वेड असतं, देवाचं वेड तर संतपणाची खूण. वेडा म्हटलेल्या माणसाला मात्र लग्नाच्या यादीतून, वाटणीतून, गप्पांतून अलगद बाहेर काढलं जातं. ख्रिस्ती घरं याच भाषेत वाढलेली आहेत. बाहेरची बाधा, दृष्ट, अंगात येणं हे शब्द बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतले गेले नाहीत. त्यांना पवित्र शास्त्रातल्या भूतग्रस्ताची जोड तेवढी मिळाली.

आजार रिकाम्या हवेतून बोलत नाही, जवळ असतील ते शब्द उचलतो. मानवशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतलं सॅन मटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई अशा तीन ठिकाणच्या प्रत्येकी 20 रुग्णांना त्यांच्या आवाजांविषयी विचारलं. अमेरिकेतल्या रुग्णांचे आवाज बहुधा हिंसक होते, आणि स्वतःच्या आजाराचं नाव तिथे बहुतेकांना पाठ होतं. आक्रात अनेकांना देवाचा आवाज ऐकू येई. चेन्नईत अनेकांना घरचेच आवाज येत, नात्यातल्या माणसांचे: हे कर, ते आवर, असे सांगणारे, रागावणारे. मेंदूतला बिघाड सारखा असला तरी त्याची बोली गावागणिक बदलते. मग लहानपणापासून शब्बाथ शाळेत वाढलेल्या, स्तोत्रं तोंडपाठ असलेल्या मुलीला आवाज आला आणि तो पवित्र शास्त्राच्या वळणाने बोलला, तर त्यात नवल ते काय? तिच्या मनाच्या कोठीत धान्यच ते होतं. पण नेमक्या याच ठिकाणी तिच्याभोवतीची माणसं घाईने निवाडा करतात. आवाज धमकावत असेल तर सैतानाचा, गौरव करत असेल तर देवाचा. पहिल्या निवाड्याने ती चंगाई सभेच्या व्यासपीठावर जाते, दुसऱ्याने आजार आणखी खोल रुजतो. दोन्हींत ती स्वतः कुठेच उरत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. प्रभूने स्वतः भुतं काढली. त्यांना आजार म्हणणं म्हणजे वचनावर अविश्वास दाखवणं नव्हे काय? वचनच नीट वाचू. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूकडे आणलेल्या दुखणाइतांची जी यादी आहे, तिच्यात भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती वेगवेगळे मोजले आहेत. म्हणजे प्रत्येक विचित्र वागणं एकाच कारणाच्या खाती टाकायचं नसतं, एवढं तर शुभवर्तमान लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं. कॅथलिक चर्चचा नियमही हेच सांगतो: बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुणा धर्मगुरूने भूत काढण्याचा विधी करू नये, आणि आधी हा आजार नाही याची खात्री करावी, कारण मनाचा आजार हे वैद्यकाचं क्षेत्र आहे. याहून मला महत्त्वाची वाटते ती आविलाची संत तेरेसा. तिला स्वतःला दर्शनं झाली होती, आणि त्या काळच्या स्पेनमध्ये दर्शनं होणाऱ्या बाईकडे धर्मन्यायालयाचं लक्ष असे. 1577 साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात ती मठातल्या मनोरुग्ण बहिणींबद्दल सांगते, की त्यांना ऐकू येणाऱ्या शब्दांवर विसंबू नका, पण हे सैतानाचं काम आहे असं सांगून त्यांना घाबरवूही नका. आजारी माणसाचं ऐकावं तसं त्यांचं ऐकून घ्या. साडेचारशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या कितीतरी प्रार्थनासभांपेक्षा पुढचा आहे.

आणि मग अँटन बॉयसन. 1876 साली अमेरिकेत इंडियाना राज्यात जन्मलेले हे गृहस्थ धर्मशास्त्र शिकलेले पाळक होते. 1920 च्या ऑक्टोबरात, वयाच्या 44 व्या वर्षी, ते आपल्या श्रद्धेचं निवेदन लिहायला बसले होते. लिहिता लिहिता जगावर मोठं संकट येत असल्याची आणि त्यात आपल्याला काही प्रचंड भूमिका असल्याची कल्पना त्यांच्यावर कोसळली. काही दिवसांतच घरच्यांनी त्यांना मनोरुग्णालयात दाखल केलं. निदान झालं ते आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्याचं. पंधराएक महिने ते आत होते. बाहेर आल्यावर त्यांनी जे केलं ते मला विलक्षण वाटतं: 1924 साली ते पुन्हा मनोरुग्णालयात गेले, वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात, या वेळी धर्मसेवक म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांनी धर्मशास्त्राच्या मोजक्या विद्यार्थ्यांना वॉर्डात काम करायला बोलावलं. ग्रंथ वाचता तशीच ही माणसं वाचा, प्रत्येक रुग्ण हा एक जिवंत दस्तऐवज आहे, असं त्यांचं सांगणं होतं. आज जगभरच्या रुग्णालयांत धर्मसेवकांना जे प्रशिक्षण मिळतं त्याची ही सुरुवात, आणि तिच्या मुळाशी एका रुग्णाची नजर आहे. रुग्णालयातल्या उपासनेसाठी बॉयसन यांनी गीतांचा वेगळा संग्रहही तयार केला. ज्याच्या मनात आधीच शत्रू आणि शिक्षा थैमान घालत आहेत, त्याच्या तोंडी रविवारी कोणते शब्द द्यायचे हा साधा प्रश्न नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. आजार त्यांना सोडून गेला नाही; 1930 आणि 1935 साली तो पुन्हा उलटला. तरी 1936 साली त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1965 साली एल्जिन इथे, जिथल्या मनोरुग्णालयात त्यांनी पुढची सेवा केली होती, त्यांचं निधन झालं.

बॉयसन यांचं सगळंच मान्य करावं असं नाही. मनाच्या काही झटक्यांमागे जीवनाचा गुंता सोडवायची धडपड असते, असं ते मानत. त्यांना मदत करणारे बॉस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट मात्र कारण शरीरातच शोधायला हवं म्हणत, आणि त्यावरून पुढे दोघांत अंतर पडलं. कारणापुरतं बोलायचं तर काळाचा कौल बराचसा कॅबट यांच्या बाजूने गेला. 1952 साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग दिसून आला आणि गोळीने आवाज मंदावतो हे जगाला कळलं. पण बॉयसन यांचं दुसरं म्हणणं आजही उभं आहे: या माणसाला सगळ्यात जास्त जाळते ती आपण सगळ्यांतून तोडले गेल्याची जाणीव, आणि ती औषधाच्या बाटलीत विरघळत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. म्हणूनच विश्वास असेल तर गोळ्या कशाला, असं म्हणणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचं आहे. 2012 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका संकलनात 65 चाचण्यांमधल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली होती. औषध चालू राहिलेल्यांपैकी 27 टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला, औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत 64 टक्क्यांचा. प्रार्थनेच्या नावाखाली कुणाची गोळी बंद करायला लावणारा माणूस या दोन आकड्यांमधल्या दरीत त्याला ढकलत असतो. पवित्र शास्त्रातही, रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. डोंगरावरचा देवाचा मंद आवाज त्यानंतरचा. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला, आणि पौलाचा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणत नाही. तोच पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. गोळ्यांचे त्रास खरे आहेत, हेही लपवू नये: वजन वाढतं, हात कापतात, सकाळी डोळे उघडत नाहीत. उपासनेत पेंगणाऱ्या तरुणाकडे रागाने वळणाऱ्या नजरांना हे माहीत असायला हवं.

विरुद्ध बाजूचा आक्षेप सुशिक्षितांचा. हा माणूस देवाच्याच गोष्टींत भरकटला, तर त्याला श्रद्धेपासूनच दूर ठेवलेलं बरं नाही का? माणसाचा भ्रम तर्काने उखडू पाहण्याचा एक प्रयोग झालेला आहे. 1959 साली मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी मिशिगनमधल्या इप्सिलँटी इथे, स्वतःला ख्रिस्त मानणाऱ्या तीन रुग्णांना दोन वर्षं एकत्र ठेवलं. एकमेकांना पाहून त्यांचा भ्रम मोडेल अशी अपेक्षा होती. कुणाचाच मोडला नाही, आणि पुढे आपल्याला तसं करायचा अधिकार नव्हता हे रोकीच यांनी स्वतः लिहून ठेवलं. श्रद्धेचं काय, तर जिनिव्हात 115 रुग्णांशी सविस्तर बोलून केलेला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 71 टक्क्यांना धर्माने आशा आणि जगण्याला अर्थ दिला होता. 14 टक्क्यांना मात्र आध्यात्मिक निराशा. हे 14 टक्के मी दुर्लक्षू शकत नाही. देवाने आपल्याला टाकलं या कल्पनेत बुडालेल्या माणसाला आणखी प्रवचन नको असतं. पण बाकीच्या अनेकांपासून श्रद्धा काढून घेणं म्हणजे घर पडलेल्या माणसाच्या हातातला कंदील विझवणं आहे. आजाराने विद्रूप केलेली श्रद्धा आणि आजारात आधार देणारी श्रद्धा एकाच माणसात शेजारी राहू शकतात. त्या निवडायला वेळ लागतो, ओळखीचा माणूस लागतो, आणि डॉक्टर व पाळक यांनी एकमेकांशी बोलावं लागतं.

घर कसं दिसतं हे बेल्जियममधल्या गील गावाने दाखवलं आहे. संत डिम्फ्नाच्या तिथल्या चर्चमध्ये मध्ययुगापासून मनोरुग्णांना नवसासाठी आणत. चर्चला लागून असलेली खोली अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतलं, आणि कित्येक तिथेच राहिले. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अशा रुग्णांचा आकडा साडेतीन हजारांच्या वर गेला होता. आता तो पुष्कळ खाली आला आहे, तरी प्रथा जिवंत आहे. नवसाने किती बरे झाले, हे मला विचारायचंच नाही. पाहुणा म्हणून आलेला माणूस ताटावर बसला, शेतात गेला, त्या घरच्या मुलांना दादा झाला. भूत काढायला सुरू झालेली वाट माणूस ठेवून घेण्यापाशी पोचली. श्रद्धेची याहून चांगली परिणती मला माहीत नाही.

गरसेकरांचा तो माणूस दकापलीसभर आपली हकीकत सांगत फिरला, एवढं मार्क लिहितो. घरच्यांनी दार कसं उघडलं, ते लिहीत नाही. अहिल्यानगर असो की वसई, जालना असो की मुंबई, मराठी मंडळ्यांमध्ये मध्यस्थीच्या प्रार्थनेत मधुमेहाचं नाव येतं, कर्करोगाचं येतं, शस्त्रक्रियेची तारीखसुद्धा येते. या आजाराचं नाव 'मनाचा त्रास' म्हणून पुटपुटलं जातं, किंवा घेतलंच जात नाही. ज्याला तो आजार आहे त्याची परवानगी विचारून ते नाव घ्या. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे. तेही कधीतरी मोठ्याने वाचा. असा माणूस तीन रविवार आला नाही तर बाकावरची त्याची जागा धरून ठेवा आणि चौथ्या रविवारी त्याच्या घरी जा, उपदेश न करता, चहा घेऊन या. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक, ज्यावर रात्रंदिवस मराठीतही बोलता येतं, तो चर्चच्या सूचनाफलकावर उपासनेच्या वेळापत्रकाशेजारी लावा.