साचणं

तळं थेंबाथेंबाने साचताना मी कधीच पाहिलेलं नाही. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ मात्र शाळेच्या भिंतीपासून बचतखात्याच्या पत्रकापर्यंत सगळीकडे वाचलंय. सध्या पहाटे चारला गोधडीतून फक्त हात आणि पुस्तक बाहेर काढून बसते, तेव्हाही तेच डोक्यात फिरत असतं. सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षेचे पाच पेपर, प्रत्येकी शंभर प्रश्न, दोन तास. रोज दहा पानं झाली तर डिसेंबरपर्यंत सगळं उरकतं. हिशेब थेंबांचाच आहे. पण निफाडच्या थंडीत काल वाचलेलं आज सापडत नाही, आणि मग वाटतं, थेंब पडतोय खरा, पण जातोय कुठे?

आमच्याकडची शेततळी थेंबाथेंबाने भरत नाहीत. खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि पावसाळ्यात विहिरीला पाणी असतं तेव्हा मोटार लावून भरून घ्यायचं. थेंबाथेंबाने कोणी भरायला बसलं, तर तेवढं पाणी उन्हानेच उडून जाईल. थेंब येतो तो नंतर, ठिबकच्या नळीतून, द्राक्षाच्या मुळाशी. म्हणजे तळं भरायचं एकदम आणि रितं करायचं थेंबाथेंबाने. म्हणीच्या नेमकं उलट.

बँकांच्या भांडवलाचे नियम सांगणाऱ्या बेसल तीनच्या धड्यात परवा हेच भेटलं. आपल्याकडच्या बँकांना किमान 9 टक्के भांडवल, आणि त्यावर आणखी 2.5 टक्क्यांची राखीव उशी. चांगल्या दिवसांत भरून ठेवायची, वाईट दिवसांत वापरायची. हे आकडे मी विसरले नाही, कारण ते वाचताना मला शेजारच्या अण्णांचं तळं दिसत होतं. मग भरण्याचा हंगाम माझ्या हातून केव्हाच निघून गेला का? जून-जुलैत, बँकेतल्या पीककर्जाच्या गर्दीत, पुस्तक उघडलंही नव्हतं.

अण्णांची बाग खिडकीतून दिसते. पारा फार उतरला की ते पहाटे शेकोट्या पेटवतात, विहिरीचं कोमट पाणी बागेला सोडतात. एवढ्या गारठ्यात मण्यांची फुगवण थांबते. एकदा विचारलं, एवढं जागून घड वाढतात का? ते म्हणाले, “ताई, घड किती येणार ते उन्हाळ्यातच ठरलेलं असतं, खरड छाटणीनंतर. आता फक्त सांभाळायचं.” ते सहज बोलून गेले. मी मात्र त्या ‘फक्त’पाशी अडकले. रात्ररात्र जागणारा माणूस त्याला ‘फक्त’ म्हणतो.

गेल्या रविवारी अभ्यास टाकून नांदूरमध्यमेश्वरला गेले. अपराधी वाटत होतं, तरी गेले. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा बंधारा. पाणी अडवायला बांधला आणि मागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. पाण्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटाच. तेवढी जागा गेली. पण त्याच गाळाची बेटं झाली, उथळ पाणथळ झाली, तिथे वनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. 2020 साली महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून ती जाहीर झाली. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यातून पाय उचलत चालत होती. मी तासभर बघत उभी राहिले. साचे म्हणताना म्हणीला पाणीच अभिप्रेत असेल, पण कणाकणाने साचलेला मी डोळ्यांनी पाहिला तो गाळ. त्याला वाया गेलेलं म्हणायची माझी हिंमत होईना. आणि तो उपयोगी पडेल असं बांधणाऱ्यांनी ठरवलं होतं, असंही नाही.

मग जी दहा पानं डोक्यात राहत नाहीत, ती कुठे तरी तळाशी बसत असतील का? की ही मी माझ्याच सोयीची समजूत करून घेतेय? परीक्षेत तर वर तरंगणारं पाणीच मोजतात.

समोर शेकोटी पेटली आहे. धूर बागेवर आडवा पसरतोय. दहातली सहा पानं झाली. उरलेली चार वाचावीत की कालची दहा पुन्हा काढावीत, ते अजून ठरत नाहीये.