निकितिनच्या उलट वाटेने

सीमाभागातल्या मराठी संसारात प्रवास पुष्कळ घडतो. पण त्यातील प्रत्येक प्रवासाच्या मानेवर कसल्या ना कसल्या कामाचे जू असते. लग्न, बारसे, तेरावे, दवाखाना, कोर्टाची तारीख, मुलांच्या परीक्षा. आमच्या एकतीस वर्षांच्या सहजीवनात सोलापूर, लातूर, पुणे ही गावे आम्ही उभयतांनी किती वेळा गाठली याची गणती नाही. त्यांतले एकही गाव आम्ही पाहिले, असे मात्र म्हणता येणार नाही. समुद्र तर सौ.ने पाहिलाच नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने तो विषय एकदा काढला होता, नंतर कधीच काढला नाही. यंदा तिचे गुडघे धरले आणि डॉक्टरांनी पायऱ्या टाळायला सांगितल्या, तेव्हा दसऱ्याच्या सुटीत निघायचेच, असे ठरले. बारा दिवस, आणि कुणाकडेही काम नाही.

निर्ण्याच्या माणसाने समुद्राला जावे ते कोणत्या वाटेने? माझ्या डोक्यात एक जुनी वाट होती. इसवी सन १४७० च्या आसपास, म्हणजे वास्को द गामाच्याही आधी पाव शतक, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नर, कलबुर्गी असे मुक्काम करीत बिदरला आला. परतताना त्याने दाभोळला जहाज धरले. पण स्वतःच्या त्वेर शहरी पोचण्याआधीच तो वाटेत वारला. त्याची टिपणे तेवढी उरली. ख्वाजा अहमद अब्बास यांचा १९५७ सालचा ‘परदेसी’ हा चित्रपट ज्यांना आठवत असेल, त्यांना हा गृहस्थ अपरिचित नाही. तो ज्या वाटेने आमच्या मुलखात आला, तीच वाट आपण उलट चालावी, असे मनात होते. वाटेत जुन्या राजधान्या, मग द्राक्षांचा प्रदेश आणि शेवटी समुद्र. सौ. म्हणाली, “कोणतीही वाट धरा, पण घाई नको.”

पहिला मुक्काम बिदर. महमूद गवानच्या मदरशासमोरून पगाराची बिले आणि मुलांच्या याद्या काखोटीला मारून मी शेकडो वेळा गेलो आहे. या खेपेला आम्ही तिथे तीन तास बसलो. १४७२ साली पुरी झालेली ही तीन मजली वास्तू. १६९६ साली झालेल्या स्फोटात तिचा मोठा भाग ढासळला. उरलेल्या एका मिनारावर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फरशांची नक्षी तुकड्यातुकड्यांनी टिकून आहे. गवानही इराणातून आला तो दाभोळलाच उतरून. निकितिन बिदरला राहिला तेव्हा राज्याचा सारा कारभार याच माणसाच्या हाती होता, आणि पुढे १४८१ साली एका बनावट पत्रावरून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. हे मी वर्गात अनेकदा शिकविले आहे. सौ.ने ते प्रथमच निवांत ऐकले आणि विचारले, “पत्र खोटं आहे हे नंतर कळलं का?” कळले, पण फार उशिरा. त्यावर ती काही बोलली नाही. उन्हात चमकणाऱ्या फरशीच्या एका तुकड्याकडे बघत राहिली.

आळंदचे नाव आपल्याकडे दर्ग्यामुळे सर्वांच्या तोंडी असते. बिदरपासून बारा कोसांवर भरणाऱ्या तिथल्या जत्रेची नोंद निकितिनने केली आहे: दहा दिवसांचा बाजार आणि वीस हजार घोडे विक्रीला! कलबुर्ग्याला किल्ल्यातली १३६७ सालची मशीद पाहिली. तिला मोकळे अंगणच नाही, सारी छताखाली. त्या गारव्यात थोडे बसून आम्ही रात्रीची पुण्याची गाडी धरली.

जुन्नर तालुक्यात आम्ही चार दिवस राहिलो. नारायणगावच्या परिसरात १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन होऊ लागली, ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी जाई. पुढे तो उद्योग बसला आणि आता वाइन म्हटले की लोक नाशिककडे बोट दाखवितात. द्राक्षे मात्र या मातीने सोडलेली नाहीत. आम्ही गेलो ते दिवस गोड्या छाटणीचे. मांडवावर एक पान नाही, घड नाही, नुसत्या तपकिरी काड्या. चित्रातले द्राक्षमळे पाहून गेलेल्या माणसाचा तिथे विरसच व्हावा. पण सौ. शेतकऱ्याची कन्या. मजूर बाया काडीच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावीत होत्या, त्यांच्यात ती शिरली. सारे डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून ती पेस्ट. छाटणी वर्षातून दोनदा. उन्हाळ्यातली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ही फळासाठी. खाण्याचे द्राक्ष मोठे, बिनबियांचे. वाइनचे लहान, जाड सालीचे, बियांसकट. हे सारे तिनेच मला संध्याकाळी समजावून सांगितले. वाइन चाखलीत का, असे कुणी विचारील. आमच्या घरी द्राक्षासव असते ते खोकल्यासाठी, आणि तेवढी परंपरा आम्ही राखली. निकितिनने मात्र इकडच्या नारळी मद्याची नोंद केली आहे.

याच जुन्नरला पावसाने त्याला दोन महिने अडकवून ठेवले. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार सोन्याची नाणी देतो, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी मुसलमान व्यापाऱ्याने रदबदली केली. घोडा परत मिळाला, धर्मही राहिला. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या सौ. डॉक्टरांची आज्ञा मोडून, अर्ध्या घटकेला एकदा टेकत, चढली. वर बसून ही गोष्ट मी सांगितली, तेव्हा तिला खानापेक्षा त्या मध्यस्थाचे जास्त कौतुक वाटले.

पालीला बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन रेवदंडा गाठले. एका शाळेच्या आवारात निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे. मधली सुटी होती. पोरे त्या स्तंभाभोवती शिवाशिवी खेळत होती. मुख्याध्यापकाच्या दृष्टीने स्मारकाचा याहून चांगला उपयोग नाही.

आणि समुद्र. त्याविषयी मी लिहिणार नाही, सौ. दीड तास पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती आणि मी तिच्या चपला धरून होतो, एवढेच.

दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडच्या कोर्लईला गेलो. पोर्तुगीज या भागातून १७४० साली गेले. पण गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली, मराठीशी मिसळलेली एक बोली आजही नांदते. मासळी निवडत बसलेल्या एका आजीबाई आमच्याशी स्वच्छ मराठीत बोलल्या आणि लगेच नातवावर त्या बोलीत ओरडल्या. तिला ना शाळा, ना पुस्तक, ना सरकारी कागद. माझ्या शाळेत मराठीच्या पहिलीच्या पटावर यंदा नऊ नावे आहेत. ती संख्या मी मनात घोळवीत होतो हे सौ.च्या ध्यानी आले असावे. परतताना ती म्हणाली, “आजी रागावल्या तेव्हा मराठीत नाही रागावल्या, बघा.” आमची धाकटी सून नातवाला इंग्रजीत रागावते, हे तिने सांगितले नाही, मला ते ठाऊकच आहे.

शेवटचे दोन दिवस दाभोळ. वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले हे बंदर एके काळी बहामनी राज्याचे समुद्राकडले दार होते. याच दारातून अरबी घोडे आत येत आणि बिदरपर्यंत जात. आता तिथे सतराव्या शतकातली एक देखणी मशीद, माशांची जाळी आणि पलीकडच्या धोपाव्याला जाणारी फेरीबोट. मोटारी, दुचाकी, माणसे एकदमच चढतात. आम्ही धोपाव्याला गेलो, उतरलो, चहा घेतला आणि परत आलो. सौ. म्हणाली, “अजून एकदा जाऊ या?”

दुसऱ्या फेरीत तिकिटे देणाऱ्या मुलाने आम्हांला ओळखले. “आजी, पलीकडे कुणाकडे काम आहे का?”

“कुणाकडे नाही,” सौ. म्हणाली, आणि कठड्याशी जागा धरायला पुढे गेली.