टेकडीचा नारळ आणि विम्याचा कागद

नागपुरात सीताबर्डीचे पूर्ण नाव फक्त पाकिटावरच्या पत्त्यात आणि रेल्वेच्या कागदात आढळायचे. माणसांच्या तोंडी ती नुसती 'बर्डी'. बस्ता बांधायचा, चला बर्डीवर. चष्म्याची काडी बसवायची, चला बर्डीवर. आणि काहीच काम नसले तर मग बर्डीवर जाण्यावाचून गत्यंतरच नाही. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाच्या दोन गवळ्यांवरून हे नाव पडले असे जुनी मंडळी सांगतात. खरेखोटे त्या गवळ्यांना ठाऊक. 1817 च्या नोव्हेंबरात, 26 आणि 27 तारखेला, याच टेकड्यांवर भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली आणि आप्पासाहेबांच्या हातून राज्य निसटले, हे मात्र इतिहासात नमूद आहे. टेकडीवरचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे आणि स्वातंत्र्यदिनासारख्या मोजक्या दिवशीच तो आपल्यासारख्यांना उघडतो. बाकीचे दिवस बर्डीचा कारभार किल्ल्याच्या खाली, मोदीच्या गल्ल्यांत आणि मेन रोडवर चालतो.

या मेन रोडवर अलीकडे एक नवे गिऱ्हाईक दिसू लागले आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेलेला, रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटते आहे, आणि हे गृहस्थ सहकुटुंब लोकरी टोप्या आणि हातमोजे मागत फिरत आहेत! दुकानदारही आता चकित होत नाही. "स्वित्झर्लंड का अमेरिका?" एवढेच तो विचारतो. चाकांची भली मोठी बॅग, पायमोजे, लोणच्याच्या घट्ट झाकणाच्या बरण्या, असे करीत करीत ही वरात शेवटी एखाद्या सहल कंपनीच्या जिन्याशी येते. वर थंडगार खोली असते, भिंतीवर आल्प्स पर्वत असतो, तिकीट झालेले असते, आणि मग टेबलापलीकडचा मुलगा हळूच विचारतो, "विमा पण घेऊन टाकू न, काकाजी?"

येथे बहुतेक वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी चढते. एवढे लाखो रुपये मोजले ते आनंदाने. पण आपण आजारी पडू, बॅग हरवेल, कदाचित परत येणारच नाही, असल्या अभद्र कल्पनांसाठी वेगळे पैसे मोजणे जिवावर येते. आणि बर्डीवरच्या माणसाला तर दुसरा आधार हाताशी आहे. स्टेशनाजवळच टेकडीचा गणपती. परीक्षा असो, ऑपरेशन असो की मोठा प्रवास असो, टेकडीवर नारळ चढवल्याशिवाय नागपूरकराचे पाऊल उचलत नाही. "तिथं नारळ फोडला, झाला आपला विमा," असे म्हणणारे निदान चार जण मी स्वतः ऐकले आहेत.

त्या नारळाला माझा मुळीच विरोध नाही. पण प्रवासातल्या जोखमीचा दाम आगाऊ मोजणे ही काही साहेबाने आणलेली गोष्ट नव्हे, हेही सांगायला हवे. याज्ञवल्क्यस्मृतीत कर्जाच्या व्याजाचे दर दिले आहेत, त्यात रानावनातून व्यापाराला जाणाऱ्याने शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याने शेकडा वीस द्यावे असे म्हटले आहे. समुद्राचा दर दुप्पट का? तर सावकाराचे पैसे बुडण्याचा संभव जास्त म्हणून! पुढे गुजरात-मुंबईच्या व्यापाऱ्यांत 'जोखमी हुंडी' चालत असे. माल सुखरूप पोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे. गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. तेव्हा आमच्या पूर्वजांनी देवाला नारळ वाहिला आणि हुंडीही लिहिली.

विम्याचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे विमान पडते. नागपूरला ही भीती जवळून माहीत आहे. 1949 साली रात्रीच्या हवाई टपालाची सोय सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. सारे गाव झोपलेले असताना देशभरची पत्रे येथे घर बदलीत. डिसेंबर 1953 मध्ये यांतले मद्रासकडे निघालेले डाकोटा विमान उडताच कोसळले. चौदांपैकी तेराजण गेले. वाचला तो एकटा वैमानिक.

पण आजच्या उतारूने विमा घ्यायचा तो या भीतीपोटी नव्हे. आंतरराष्ट्रीय प्रवासात विमान कंपनीवरच कायद्याने जबाबदारी टाकलेली आहे. 1999 च्या माँट्रियल कराराप्रमाणे उतारू दगावला किंवा जखमी झाला तर, चूक कोणाची हे न पाहता, ठराविक मर्यादेपर्यंत कंपनीला भरपाई द्यावी लागते. भारत 2009 साली या करारात सामील झाला. 2024 च्या डिसेंबरअखेर ही मर्यादा वाढवण्यात आली, आणि आपल्या पैशांत ती पावणेदोन कोटींच्या वर जाते. हरवलेल्या सामानालाही अशीच मर्यादा आहे, ती दीड लाखाच्या वर आहे. म्हणजे ज्या संकटाला आपण भितो त्याची तरतूद तिकिटातच थोडीफार झालेली असते. तरतूद नसते ती न्हाणीघरात पाय घसरण्याची, मध्यरात्री छातीत कळ येण्याची आणि परक्या खाण्याने पोट बिघडण्याची. आणि माणसे आजारी पडतात ती बहुधा अशीच, अगदी घरच्यासारखी.

आमच्या मोठ्या काकांच्या घरी याच गोष्टीवरून गेल्या वर्षी पंधरा दिवस वाद चालला होता. मुलगा न्यू जर्सीला. सुनेचे दिवस भरत आलेले. काका-काकूंनी सहा महिने राहायचे ठरले. काकाजी एकाहत्तर वर्षांचे, काकू सदुसष्टच्या. काकूंना साखरेचा आजार आणि रक्तदाब. दोघांच्या विम्याचा हप्ता ऐकला तो एका तिकिटाच्या निम्म्यापर्यंत गेला.

"अरे, साठ वर्षांत मी दवाखान्याची पायरी चढलो नाही," काकाजी म्हणाले. "आता काय अमेरिकेत जाऊन आजारी पडून राहीन?"

"पडायला कोणी मुहूर्त पाहून राहते काय?" काकू आतून म्हणाल्या.

काकाजींचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. ते इथल्या मेडिक्लेमचे हप्ते वीस वर्षे भरीत आले आहेत; मग हा दुसरा कशाला? पण घरचा मेडिक्लेम साधारणपणे देशाच्या हद्दीतच चालतो. तो कागद काढून वाचला तेव्हा पहिल्याच पानावर ते लिहिलेले होते. अमेरिकेत दवाखान्याचा खर्च किती, याचा तिथल्या सरकारनेच आपल्या नागरिकांसाठी दिलेला अंदाज असा: मोडलेला पाय नीट करायला साडेसात हजार डॉलरपर्यंत, आणि इस्पितळात तीन दिवस राहायला सुमारे तीस हजार डॉलर. तीस हजार डॉलर म्हणजे पंचवीस लाखांच्या वर. काकाजींनी निवृत्तीनंतर बँकेत ठेवलेली सारी पुंजी तीन दिवसांत, आणि तीही मुलाच्या दारात त्याला संकोचात पाडून! हा आकडा ऐकल्यावर वाद संपला, असे मला वाटले होते.

पण खरा पेच फॉर्म भरताना आला. 'आधीपासून असलेले आजार' असा एक रकाना असतो. विम्याचा मुलगा गोड स्वभावाचा होता. तो म्हणाला, "साखरेच्या रकान्यात 'नाही' लिहून टाका न काकाजी, हप्ता कमी बसते. कोण पाहून राहिलं तिथं?" काकाजींचा हात थबकला, वाचणारी रक्कम थोडी नव्हती. काकू जन्मभर शाळेत शिकवीत होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ गोळी घेते मी, अन् कागदावर नाही म्हणू? पोरांची पट्टीनं पूजा केली मी अशा लिहिण्यासाठी." रकान्यात 'होय' लिहिले गेले आणि हप्ता वाढला.

काकूंनी ते शाळेच्या सवयीने केले; पण व्यवहारातही तेच बरोबर होते. कारण दावा आला की कंपनी घरच्या डॉक्टरची जुनी कागदपत्रे मागते, आणि लपवलेला आजार निघाला की सारा विमाच नाकारण्याचा तिला अधिकार मिळतो. तेव्हा हप्ता भरलेला असतो, बिल आलेले असते, आणि हातात काहीच नसते. आता हेही लक्षात ठेवायचे, की आजार खरा लिहिला म्हणजे त्याचा सारा खर्च मिळतो असे नव्हे. पुष्कळ विम्यांत जुन्या आजारासाठी फक्त जीव धोक्यात असेपर्यंतचा, माणूस सावरेपर्यंतचा खर्च मिळतो. काहींत तेवढाही नाही. म्हणून दोन-तीन कंपन्यांचे कागद समोर ठेवावेत आणि बाकीची रंगीत पाने बाजूला सारून हे एकच कलम वाचावे. मुलगा अमेरिकेतूनच विमा घ्या म्हणत असेल, तर तिथल्या काही स्वस्त योजनांत प्रत्येक उपचाराला ठराविकच रक्कम देतात आणि उरलेले बिल आपल्या गळ्यात राहते, तेही विचारून घ्यावे.

पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. काकूंची साखर, जिच्यापायी एवढे रामायण झाले, ती सहा महिने शहाण्यासारखी वागली. साठ वर्षे दवाखाना न पाहिलेले काकाजी मात्र जानेवारीत पहिला बर्फ पाहायला म्हणून पायरीवर आले आणि घसरले. मनगट मोडले. काकूंनी कागदावरचा फोन नंबर मुलाच्या हाती दिला, त्याने इस्पितळात जाता जाताच कंपनीला कळवले, आणि पहिले शंभर डॉलर सोडून बाकीचे बिल कंपनीने भरले. ही पहिली रक्कम आपली आपण सोसायची असते, तेही आधीच ठरलेले असते. कळवायला उशीर झाला असता तर पैसे आधी भरून मागून मिळवण्याची यातायात झाली असती. बिलाचा आकडा काकाजी अजून कोणाला सांगत नाहीत.

युरोपला जाणाऱ्यांना घ्यावा की न घ्यावा हा प्रश्नच उरलेला नाही. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड असे शेंगेन देश व्हिसा देतानाच निदान तीस हजार युरोंचा औषधपाण्याचा विमा मागतात. सहल कंपनीने 'विमा आमच्याकडून' म्हटले असेल तर रक्कम तेवढीच आहे की जास्त, हे मात्र पाहावे. वय झालेल्या माणसाला तीस हजार फार नव्हेत.

आणि नेपाळ, श्रीलंका, थायलंड? येथे माझे मत जरा वेगळे आहे. सहा दिवसांच्या बँकॉकला तरुण जोडप्याने विमा घेतला नाही तर आभाळ कोसळत नाही; पण हप्ताही इतका थोडा असतो की त्याहून जास्त पैसे बर्डीवर पाटोडी आणि सांबारवडी खाण्यात जातात. तेव्हा औषधपाण्यापुरता घ्यावा. बॅग उशिरा आली तर इतके, विमान उशिरा निघाले तर तितके, अशी शेपटे लावून जो महाग केलेला असतो तो मात्र मी घेणार नाही. दोन सदरे हरवले म्हणून कोणी भिकेला लागत नाही.

सहल रद्द झाली तर पैसे परत, या शब्दांनीही भुलू नये. रद्द होण्याची कारणे कागदावर मोजून दिलेली असतात: घरातला मृत्यू, गंभीर आजार अशी. व्हिसा नाकारला, मुलाच्या परीक्षेची तारीख बदलली, सासूबाई रुसल्या, यांचे पैसे बहुधा मिळत नाहीत. 2010 च्या एप्रिलात आइसलंडचा ज्वालामुखी पेटून युरोपचे आकाश राखेने बंद झाले, आणि 2020 च्या मार्चअखेर करोनामुळे आपल्याकडची परदेशी उड्डाणेच थांबली. अशा वेळी कोणते संकट कागदात बसते यावर पुष्कळ खल झाला. एक गोष्ट पक्की: संकट जगजाहीर झाल्यानंतर घेतलेला विमा त्या संकटाला उपयोगी पडत नाही.

घराबाहेर पडण्यापूर्वी हा कागद घेतलेला असावा लागतो, आणि त्याच्या तीन प्रती कराव्यात: एक पासपोर्टाबरोबर, एक बॅगेत आणि एक मागे राहणाऱ्यांजवळ. काकूंनी आपली प्रत मेथीच्या लाडवांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली होती, कारण तो डबा काकाजी दिवसातून दोनदा तरी उघडतील अशी त्यांना खात्री होती.

नातू आता चालू लागला आहे. येत्या उन्हाळ्यात पुन्हा जायचे घाटते आहे. परवा काकाजी एकटेच बर्डीचा जिना चढून चौकशी करून आले. वय वाढले की हप्त्याची पायरीही वाढते, आणि त्यांचा वाढदिवस तिकिटाच्या तारखेच्या आधी येतो की नंतर, हे कॅलेंडर काढून पाहण्याचे काम आता काकूंकडे आले आहे.